जुने पार्ट परत द्या

इराण्णा मेस्त्रीने माझ्या गाडीतून नऊ वर्षांत जे जे काढलं ते सगळं मी मागून घरी आणलं होतं, आणि जुलैच्या दुसऱ्या सोमवारी मी बाजारातून परत आलो तेव्हा त्या जुन्या पार्टांची आमच्या मधल्या खोलीत एक गाडी झालेली होती. पांढरी, चार दारांची, माझ्याच गाडीसारखी. माझी गाडी बाहेर गेटपाशी उभी होती. मी दोनदा आत-बाहेर करून खात्री करून घेतली.

मग टेप आणली. मधली खोली दहा फुटांची आणि गाडी साडेअकरा फुटांची. आता खोली चौदा फूट भरली. पुढची खोली बारा फुटांची होती, ती आठ फूट भरली. घर बाहेरून होतं तेवढंच होतं. म्हणजे चार फूट तिकडचे इकडे आले होते. हे आपोआप होत नसतं, आणि मला पहिला संशय आला तो इराण्णाचा.

मी एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेली वजनं, बुडाला ठोकून वर उचललेली मापं, सगळं या डोळ्यांनी पाहिलंय. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड रोज सकाळी साडेदहाला पोळायचं, सरकारी खर्चाने. गडहिंग्लजचे व्यापारी मला मागून काय म्हणत ते मला माहीत होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

निवृत्त झालो त्या वर्षी गाडी घेतली आणि संकेश्वर रोडला इराण्णाच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला टाकायला लागलो. आमच्याकडे कुठलाही शहाणा माणूस गॅरेजवाल्याला एक गोष्ट सांगतोच: जुना पार्ट परत द्या. नुसता दाखवू नका, द्या. म्हणजे पार्ट खरंच बदलला याचा पुरावा हातात राहतो. बहुतेक लोक तो पुरावा महिनाभर माळ्यावर ठेवतात आणि मग भंगारवाल्याला देतात. मी दिला नाही. मी प्रत्येक पार्टाला चिठ्ठी बांधली, तारीख घातली आणि मधल्या खोलीत फडताळं करून ओळीने मांडून ठेवलं.

कारण पार्ट बदलला हे कळायचं, पण बदलायची गरज होती का, हे कळायचं नाही. त्यासाठी मी शब्द शिकलो. माणसाला शब्द येत नसले की गॅरेजात त्याची अवस्था पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखी होते. कुणीही काहीही ओवाळतं आणि तो मान डोलावतो. मी इराण्णाला प्रत्येक शब्दाला अडवायचो. क्लच प्लेट म्हणजे काय? तो म्हणायचा, "साहेब, इंजिन फिरतंय आणि चाकास्नी अजून फिरायचं न्हाई, तवा दोघांचा हात सोडीवणारी चकती." टायमिंग बेल्ट म्हणजे? "इंजिनात खालचं जसं फिरंल तसं वरचं उघडझाप करायला लावणारा पट्टा. त्यो तुटला की इंजिन आतल्या आत डोस्कं आपटून घेतंय." कूलंट म्हणजे इंजिनाला थंड ठेवणारं पाणी, पण साधं पाणी नव्हे. ब्रेक पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे तुकडे. धरून धरून झिजतात. नवे असताना दहा-बारा मिलिमीटर, दोन राहिले की संपले.

एकदा रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं, की दोन मिलिमीटरला संपले हे मला इराण्णानेच सांगितलं होतं. म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा रे, चोरी कशाला म्हणतात? दुसऱ्या दोन गॅरेजांत चौकशी केली. त्यांनीही दोनच सांगितलं. सगळे एकाच माळेचे मणी.

बदलावं तर फसवणूक, न बदलावं तर जिवाला धोका. म्हणून मी बदलत गेलो आणि जुनं मागत गेलो. दरवाजे गंजले म्हणाला, बदलले. सीट बसल्या म्हणाला, बदलल्या. शेवटी खालचा सांगाडासुद्धा. या भानगडीत गाडी गॅरेजला जायची आणि परत यायची. दुसरीकडे कुठे नेण्याइतकी माझी खात्री कधी झालीच नाही.

शालन, माझी बायको, ही लग्नाआधी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये रीतसर गाडी शिकलेली. लायसन्स तिने कधी संपू दिलं नाही. तिची धाकटी बहीण लीला वेंगुर्ल्याला असते. मे महिन्यात ती विहिरीवर पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून अंथरुणावर होती. जवळ दुसरं कुणी नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, आणि शालन फोन ठेवून माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, एवढे पुढचे शॉकअप बघून घेऊ, मग जाऊ. एसटीने जाते म्हणाली, तर मी विचारलं, एसटीचे ब्रेक कोण बघतं?

तर सोमवारी गाडी झाली. मंगळवारी शालन तिच्यात ड्रायव्हरच्या जागेवर बसून तांदूळ निवडत होती.

"इथं उजेड चांगला येतो," ती म्हणाली.

मधल्या खोलीला खिडकी नाही. मी पाळत ठेवली. बुधवारी दुपारी माझा डोळा लागला आणि इंजिनाच्या आवाजाने उघडला. किल्ली कुठली, तर दोन वर्षांपूर्वी इराण्णाने माझ्या किल्लीची नक्कल करून ठेवली असेल असं वाटून मी सगळी कुलपं बदलून घेतली होती. जुनी कुलपं मागून आणली, त्यांच्याबरोबर जुनी किल्लीही आली. मी मधल्या दारात गेलो. शालन गाडी घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. ते टोक फर्लांगभर लांब होतं. दोन्ही बाजूंना आमच्याच पिस्त्याच्या रंगाच्या भिंती, ठरावीक अंतराने प्लगचे बोर्ड, वर पंखे.

"कुठे निघालीस?" मी साध्या आवाजात विचारलं. खोली कितीही लांब झाली तरी ती एकच खोली होती, त्यामुळे इथे बोललेलं तिथे ऐकू जात होतं.

"बघतेय, क्लच कसा आहे ते," ती म्हणाली. "थोडा घसरतो. बाकी बरी आहे."

गुरुवारी ती सकाळी गेली आणि दुपारी जेवायच्या वेळेला आली. टायरांना तांबडी माती होती आणि मागच्या सीटवर घनसाळ तांदळाची पिशवी. "आजऱ्यापर्यंत जाऊन आले," तिने सांगितलं आणि कुकर लावला. मी पुढची खोली मोजली. पाच फूट दहा इंच. हिशेब सोपा होता: मधली खोली किलोमीटरभर पुढे गेली की पुढची सव्वा इंच मागे येत होती. शालन परत आली तरी गेलेली जागा परत येत नव्हती. मी माझी खाट उभी करून भिंतीला लावली.

"आता कूलंट थोडं कमी आहे," शालन जेवताना म्हणाली. "पाणी घातलं."

"कूलंटमध्ये पाणी घालायचं नसतं."

"का?"

"इराण्णा म्हणतो."

ती हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला दोन दिवसांनी कळलं.

शुक्रवारी मी बाहेरची गाडी काढली. सगळे नवे पार्ट असलेली. तिला काय झालंय ते मला बघायचं होतं, आणि बघायचं म्हणजे माझ्या मते मोजायचं. ज्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्या चढतात तिथे नेली. कागदपत्रांप्रमाणे गाडीचं वजन आठशे किलो. काट्यावरचा बसाप्पा आत बसून आकडा वाचतो. त्याने काच पुसून आकडा पुन्हा वाचला.

"किती?" मी विचारलं.

"सत्तर."

"सातशे म्हणायचंय का?"

"सत्तर, साहेब. तुमचं एकट्याचंच आलंय जनू. जरा उतरा बघू."

मी उतरलो. आकडा शून्य झाला. काटा खोटा असणं शक्य नव्हतं. त्याची तपासणी करणारा अधिकारी माझ्या हाताखाली तयार झालेला आहे. मी परत आत बसलो, आकडा सत्तर. येताना वाटेत वारा सुटला, तशी गाडी रस्त्यावरून एकदा डावीकडे आणि एकदा कालव्याकडे गेली. स्टिअरिंग फिरत होतं, पण चाकांना रस्ता धरता येत नव्हता. घरी आल्यावर मी तिला दोरीने गेटला बांधून टाकलं.

म्हणजे माझी खरी गाडी मधल्या खोलीत होती. जे काढून आणलं तेच वजनदार होतं. इराण्णाने मला नऊ वर्षांत काय बसवून दिलं होतं, कुणास ठाऊक.

शनिवारी सकाळी शालनने बेसनाच्या लाडवांचा डबा, शेकायची पिशवी आणि चार साड्या मागच्या सीटवर ठेवल्या. पुढची खोली अजून पाच फूट दहा इंचच होती. मी दाराला पाठ लावून उभा होतो.

"शेजारी बसा," शालन म्हणाली.

"शालन, या गाडीतला एकेक पार्ट खराब म्हणून काढलेला आहे."

"खराब होते?"

"म्हणून तर इराण्णाने काढले."

"तुम्ही म्हणत होता, तो चांगले पार्ट काढतो. नऊ वर्षं जेवताना रोज म्हणत होता. माझी भाकरी गार व्हायची ऐकता ऐकता."

 तिने डिकी लावली आणि पदराला हात पुसले.

"तुमचं खरं असेल तर ही गाडी ठणठणीत आहे, मी चालले. मेस्त्रींचं खरं असेल, तर या गाडीने घाट उतरता यायचा नाही, आणि तुम्ही एका सरळ माणसाला नऊ वर्षं चोर म्हणत आलात. दोन्हीतलं काय ते एक सांगा. मी तसं करते."

मी जाडी मोजायचा व्हर्निअर घेतला, खाली वाकलो, पुढच्या चाकाच्या फटीतून ब्रेक पॅड मोजला. दोन मिलिमीटर. दुसऱ्या बाजूचा मोजला. दोनला थोडा कमी. आकडा माझ्या हातात होता आणि त्याचा अर्थ इराण्णाकडे होता. आयुष्यभर मी मापाने माणसं पकडली, आणि आज माप घेऊन मी एका माणसाच्या दारात जाणार होतो.

"असं करा," शालन म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "घाटापर्यंत मोठा उतार नाही. मी आंबोलीत घाटाच्या तोंडाशी थांबते, चहा घेते. तुम्ही मेस्त्रींना जाऊन विचारा, पॅड खरंच संपले होते का. संपले होते म्हणाले तर मी मागं फिरेन. लीलाला काय सांगायचं ते मग बघू."

तिने गाडी सुरू केली आणि गेली. मी पुढच्या खोलीतून बाहेर पडलो आणि गॅरेजच्या दिशेने पळत सुटलो. सदुसष्टाव्या वर्षी माझ्यासारखा माणूस पळताना दिसला म्हणून दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. दोघांनी सवयीने आपापले तराजू फडक्याने पुसले. मला शालनची काळजी वाटत होती. दुसरं काही वाटत नव्हतं. आणि पळता पळता मी देवाकडे जन्मात पहिल्यांदा असं मागत होतो, की समोरचा माणूस चोर निघू दे.

इराण्णा एका जीपखाली झोपला होता. बाहेर फक्त पाय दिसत होते.

"मेस्त्री, खरं सांगा. माझे पार्ट चांगले असताना तुम्ही काढून घेतलेत ना?"

पाना फिरायचा थांबला. "नऊ वर्षं डोळ्यांनी इचारतासा," खालून आवाज आला. "आज तोंडानं इचारलासा."

"सांगा."

तो पाठीवरच सरकत बाहेर आला आणि उठून बसला. कपाळाला ग्रीस लागलेलं होतं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मी धापा टाकत होतो, हातात व्हर्निअर होता, आणि मला वाटतं माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालंय साहेब?"

"ते विचारू नका. पार्ट चांगले होते की नाही?"

"मी काय सांगितलं म्हंजे तुमास्नी पटंल?"

"फसवलं म्हणा."

"फसवलं म्हटलं तर पटंल?"

"पटेल."

इराण्णाने फडक्याला हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं. "मग फसवलं साहेब," तो म्हणाला. "पॅड चांगलं हुतं. क्लच चांगला हुता. समदं चांगलं हुतं. आता जावा घरी, पानी प्या."

आणि तो परत जीपखाली गेला.

हे वाक्य ऐकण्यासाठी मी नऊ वर्षं थांबलो होतो. ऐकलं, आणि त्याच क्षणी माझी खात्री झाली की ते खोटं आहे. मी त्याच्या पायांकडे बघत उभा राहिलो. चपलेच्या एका पट्ट्याला तार बांधलेली होती. लोकांचे चांगले पार्ट काढून खाणाऱ्या माणसाची चप्पल अशी असते का, असा प्रश्न मला या नऊ वर्षांत एकदाही पडला नव्हता.

"खरं बोललात ना?" मी पायांना विचारलं.

"आता चोरीचंबी सर्टिफिकेट देऊ व्हय?" खालून आवाज आला, आणि पाना पुन्हा फिरायला लागला.

मी घरी आलो. पुढची खोली दोन फूट एक इंच राहिली होती. म्हणजे शालन आंबोलीला पोचली होती. भिंत पाठीला, उभी केलेली खाट छातीला, असा सरकत सरकत मी मधल्या दाराशी गेलो. खोली सरळ असल्यामुळे शेवटपर्यंत दिसत होतं. अगदी टोकाला, जिथे भिंती पहिल्यांदा वळतात, तिथे छतापर्यंत धुकं साचलं होतं आणि त्याच्या अलीकडे नखाएवढी पांढरी गाडी उभी होती. शालन बाहेर उभी राहून काचेच्या ग्लासातून चहा पीत होती. भुरके ऐकू येत होते.

"आलात?" तिने विचारलं. "काय म्हणाले मेस्त्री?"

मी तोंड उघडलं. काय म्हणायचं ते मी वाटेत चार वेळा ठरवलं होतं आणि चारही वेळा बदललं होतं.

"पॅड चांगले होते म्हणाला. मला फसवलं म्हणाला."

"बरं झालं," ती म्हणाली. "निदान तुमचं खरं झालं." तिने ग्लास खाली ठेवला.

"शालन, थांब. माझा त्याच्यावर विश्वास नाही."

"तो कधी होता?" ती म्हणाली. रागावून नाही, नेहमीच्याच सुरात, भाजीत मीठ आहे का असं मी विचारल्यावर उत्तर देते तशी. मग दार लावल्याचा आवाज आला.

"शालन, या वेळी वेगळं आहे. तो खोटं बोलला. चांगला माणूस आहे तो. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला."

"दरवेळी वेगळंच असतं हो तुमचं," ती म्हणाली. "पोचले की बोलते. कुकरमध्ये भात आहे."

पहिला गिअर पडला. पुढची खोली आणखी अरुंद झाली आणि माझे दोन्ही हात अंगाशी दाबले गेले. खूण करायलासुद्धा एक सुटा राहिला नाही. मी तिला हाका मारत राहिलो. खोलीत सगळं ऐकू जातं, पण तिने काच वर केली होती. गाडी धुक्यात शिरली, खोलीची जमीन तिथून खाली उतरत होती, आणि पहिल्या वळणाच्या अलीकडे गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले. ते दिवे ब्रेकवर पाय पडला की लागतात. चाकं धरली गेली की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. मी डोळ्यांची पापणी न हलवता बघत होतो. दिवे लागलेले होते, अजून लागलेलेच होते, आणि लहान होत चालले होते.